दादानं न प्यालेली दारू

फोन आला तेव्हा मी जुन्या जालन्यात पिठाच्या गिरणीवर उभी होते. गिरणीच्या घरघरीत वहिनीचं बोलणं ऐकू येईना म्हणून बाहेर रस्त्यावर आले, तर तिथं ऑटोवाल्यांचे हॉर्न. "पुन्हा उलटी झाली ह्यांना," एवढंच कळलं. रंग विचारायची गरज नव्हती. मी ओरडूनच सांगितलं, "परतूरला थांबू नका, नीट इकडंच आणा, मी दवाखान्यात जाऊन उभी राहते." आणि खरंच जाऊन उभी राहिले. फाटकातून आत, आतून फाटकाकडं. येणारी प्रत्येक पांढरी जीप मला आमचीच वाटत होती. आमची आलीच नाही. ती वाटूर फाट्याच्या अलीकडूनच आष्टीकडं माघारी वळली होती.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. वर्गात शिकवताना मी आधी कधी फिरत नव्हते, आता बाकांच्या रांगांमधून सारखी चालत असते. भाजी निवडायला घेते आणि अर्ध्यात उठते. नवरा म्हणतो, जरा टेक. टेकलं की ते वाक्य ऐकू येतं, मग पुन्हा उठावं लागतं.

ते वाक्य सावडायच्या दिवशीचं. वस्तीवर, आमच्या लिंबाखाली माणसं बसली होती. भावकीतले एक वडीलधारे अण्णा, मनानं वाईट नव्हेत, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "माणूस हिरा व्हता. पर दारूनं घात केला. सोडली व्हती म्हणा त्यानं, पर आधी जे व्हायचं ते होऊन गेल्तं." चार माना हलल्या. मी ताडकन उठले. तोंडात शब्द तयार होते, बारा-तेरा वर्षं तयारच होते. तेवढ्यात आईनं माझा पदर धरला. "बस, सुमे." तिच्या दुसऱ्या हाताखाली शेजारणीचं लहान पोर होतं, त्याच्या पोटावरून ती हात फिरवत होती. "जेवला का रं तू?" असं त्याला विचारत होती. त्या घडीला, त्या जागी, हिला कुणाच्या पोराच्या जेवणाचं सुचतं... मला तिचा रागच आला. पण बसले.

माझ्या भावानं, मारोतीनं, आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. झालं, लिहिलं एकदाचं. आता बाकीचं सांगते.

आमच्या आजोबांची मेंढरं होती. वडिलांच्या हयातीतच कळप मोडला आणि आम्ही आष्टीबाहेरच्या वस्तीवर शेतकरी म्हणून स्थिरावलो. वडील लवकर गेले. दादानं दहावीनंतर शाळा सोडली आणि मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका घातली. मला मात्र त्यानं शिकायला जालन्याला धाडलं. रोपवाटिकेला नाव दिलं आईचं. 'गयाबाई रोपवाटिका.' आईला वाचता येत नाही, तरी पाटी लावली त्या दिवशी ती तिच्याखाली बराच वेळ उभी राहिली होती म्हणे.

दादाला डोळ्यांपुढं आणते तेव्हा तो पालथ्या क्रेटवर बसलेला असतो. समोर जंबेरी लिंबाचा खुंट, उजव्या हातात चाकू आणि दातांत प्लॅस्टिकची पट्टी. खुंटाची साल चिरायची, मोसंबीचा डोळा त्यात बसवायचा, दातांतली पट्टी ओढून गच्च बांधायची, पुढचा खुंट. सालीत ओल असेतोवर हे झालं पाहिजे, त्यामुळं तो बोलायचा तेही पट्टी दातांत धरूनच. नवख्या माणसाला त्याचं निम्मं बोलणं कळायचं नाही. पुढं लोकांनी त्याच्या त्या बोलण्याचाही अर्थ लावला, तो येईलच.

आणि आई... आईपाशी एक गोष्ट होती. कुणाच्या घरी पोर जन्मलं, पाचवीला बायका जमल्या, की "गयाबाई, सांगा की" व्हायचं, आणि आई मांडी ठोकून बसायची. मारोती जन्मला तेव्हा ते रानात होते, मेंढरांमागं. नाळ पडली आणि बेंबी पिकली. पोट तट्ट फुगलं, पोर रडायचं बंद झालं, सासूनं तर खड्डा कुठं घ्यायचा तेही ठरवलं. पण आईनं हाय खाल्ली नाही. लेंड्यांच्या शेकोटीची राख वस्त्रगाळ करून बेंबीत भरत राहिली, आधी भरत होती त्याहून जास्त. आणि पोर जगलं! इथं आई थांबायची, दादा आसपास असला तर त्याला हाक मारायची आणि म्हणायची, "ह्यो बघा." दादा लाजून पळायचा. ती राख मग आमच्या घरची ख्याती झाली. मेंढरं गेली, चार शेळ्या उरल्या, तरी आई लेंड्या जाळून राख डब्यात भरून ठेवायची. आष्टीतून, आजूबाजूच्या वस्त्यांवरून बायका बाळंतिणीसाठी न्यायला यायच्या. नवरा नाही, जमीन जेमतेम, अशा बाईला गावात मान होता तो त्या डब्यामुळं.

दादाचं पोट लहानपणापासून डाव्या अंगाला जरा वर आलेलं असायचं. आई म्हणायची, चोरून भाकर खातो. आम्ही हसायचो.

तो चाळिशीच्या जवळ होता, त्याची अश्विनी प्राथमिक शाळेत होती, तेव्हा पहिल्यांदा झालं. खुंटांना पाणी देता देता तो वाफ्यातच वाकला आणि रक्त ओकला. वहिनीला आधी वाटलं, पान खाऊन थुंकले. जालन्याला आणला. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी पोटावर तो गार चिकट लेप लावून यंत्र फिरवलं, डाव्या बरगडीखाली बराच वेळ थांबले, आणि म्हणाले, "प्लीहा फार मोठी झालीय. दारू किती वर्षं?"

"कवाच न्हाई," दादा म्हणाला.

"कधीच नाही म्हणजे?"

"म्हंजे बिलकुल न्हाई."

डॉक्टरांनी त्याच्या डोक्यावरून लतावहिनीकडं बघितलं. वहिनीनं घाबरून मान खाली घातली. मी तिथंच उभी होते, मी शपथेवर सांगते, ती फक्त घाबरली होती. पण त्या मान घालण्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकानं आपापला लावला. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "मशीन माह्या पोटात बघून राह्यलंय, अन् डागदर लताच्या तोंडाकडं." हसला. मला हसू आलं नाही.

मग घशातून दुर्बीण घालून तपासणी झाली. मी विज्ञान शिकवते म्हणून की काय, मला पडद्यासमोर उभं राहू दिलं. अन्ननलिका मी फळ्यावर खडूनं कितीदा काढली असेल, सरळ दोन रेघांची. ही गुलाबी, ओली होती, आणि तिच्या भिंतीतून निळसर शिरा वर चढत आल्या होत्या, पावसात भिजून फुगलेल्या सुतळीसारख्या, गाठीगाठींच्या. त्यातली एक फुटली होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच त्या शिरांना रबराचे छोटे छल्ले बसवले. लिव्हर बिघडलं, की रक्ताला तिथून जाता येत नाही, मग ते अशा आडवाटा धरतं, असं त्यांनी समजावलं. बहुतेकांचं लिव्हर दारूनं बिघडतं नाहीतर काविळीनं. "पण यांचं लिव्हर सोनोग्राफीत तसं बिघडलेलं वाटत नाही," असंही ते म्हणाले, जरा नाराजीनंच, आणि संभाजीनगरला पाठवलं. तोवर इकडं गावात बातमी पोचली होती. दवाखान्यात भेटायला आलेल्या कुणीतरी 'लिव्हर' आणि 'दारू' एवढे दोनच शब्द घरी नेले होते.

संभाजीनगरला आधी रंगीत सोनोग्राफी झाली. जिथं लाल-निळा प्रवाह एका धारेत दिसायला हवा तिथं धार नव्हतीच, रंगाचा नुसता चुरा. मग हाताच्या शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन. दादा बाहेर येऊन सांगत होता, "सुई टोचली अन् अंगातून गरम पाणी फिरलं. म्हनलं झाली आता चड्डीत." आई आमच्याबरोबर होती, बाहेर बाकावर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. आत डॉक्टरांनी ती मोठी काळी फिल्म उजेडावर धरली आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. "हे तुमचं लिव्हर. गुळगुळीत आहे, माझ्यापेक्षा चांगलं असेल. आणि ही बघा, आतड्यांतलं रक्त लिव्हरकडं नेणारी मोठी शीर. म्हणजे, इथं असायला हवी होती. ती बुजलीय. आजकालची नाही, फार जुनी गोष्ट आहे. तिच्या जागी बारीक शिरांचं जाळं झालंय, आणि उरलेलं रक्त वाट शोधत इथं वर चढलंय." अन्ननलिकेभोवती पांढऱ्या ठिपक्यांचा गुंता दिसत होता.

दादा वाकून बघत होता. म्हणाला, "पट्टी सोडायची राह्यली म्हणा की."

डॉक्टरांना कळलं नाही. मग त्यानं सांगितलं, डोळा चिकटल्यावर पट्टी वेळेत सोडली नाही की ती खोडात रुतते, रस अडतो आणि वरच्या अंगाला गाठ धरते. डॉक्टर हसले, म्हणाले, साधारण तसंच. मी तर आनंदानं उभीच राहिले होते. सुटला माझा भाऊ! दारू नाही, लिव्हर नाही, काळ्यावर पांढरं दिसतंय. ही फिल्म घेऊन आष्टीच्या बसस्टँडवर उभं राहायचं, असं मी मनात ठरवलंसुद्धा.

तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "जन्मल्यानंतर बेंबी पिकली होती का? तिथून जंतू आत गेले तर ही शीर बुजू शकते. पुष्कळ जणांत कारण सापडतच नाही, त्यामुळं खात्रीनं काही सांगता येत नाही. पण आम्ही विचारतो."

मी तोंड उघडलं आणि टेबलाखाली दादाचा पाय माझ्या पायावर पडला.

"म्या लई लहान व्हतो साहेब," तो म्हणाला, "ध्यानात न्हाई."

डॉक्टर पुन्हा हसले. दादाही हसला. बाहेर आलो तर आई उठून उभी. "काय निघालं?"

"काय न्हाई गं. रक्ताची वाट बुजलीय जराशी. जन्माचीच हाय."

"जन्माची?"

"देवाघरनंच तशी आल्ती. तू डबा उघड, तवर आम्ही गोळ्या घेऊन येतो." आणि मला दंडाला धरून तो जिना उतरला.

त्यानंतर आमचं जे भांडण लागलं ते कधी मिटलंच नाही. नुसतं मधूनमधून थांबायचं. मी म्हणायची, लोक तुला दारुड्या म्हणतात. तो म्हणायचा, म्हणू दे. मी म्हणायची, आईला नको सांगू, बाकीच्यांना तर सांग. त्यावर त्यानं एकदा पट्टी दातांतून काढली, म्हणजे बोलणं गंभीर होतं, आणि म्हणाला, "गावात एकाला सांगितलेली गोष्ट सांजच्याला आपल्याच चुलीपाशी येती, सुमे. आईपाशी ती एकच गोष्ट हाय. ती मोडली तर तिच्यापाशी मंग राह्यलं काय? अन् डागदर बी म्हणतो खात्री न्हाई. खात्री नसलेल्या गोष्टीसाठी आईला जाळू काय म्या?"

"आणि राख? बायका अजून राख नेतात तिच्याकडून. त्या पोरांचं काय?"

तो पुन्हा पट्टी चघळत बसला. पुढच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला, की ह्यांनी बिरोबाला नवस बोललाय. मला आराम पडला तर आपल्या घरची राख घराबाहेर जाणार नाही, असा. आम्ही देवाधर्माची माणसं, पण राखेचा नवस कुणी ऐकला नव्हता. तरी आईनं एका शब्दानं विचारलं नाही. डबा फळीवरून काढला, उकिरड्यावर रिकामा केला, घासला आणि त्याच्या हातात दिला. त्यात मग त्याचा चाकू आणि पट्ट्या राहू लागल्या. राख न्यायला आलेल्या बाईला आई म्हणायची, "लेकाचा नवस हाय, बाई." आरोग्य खात्याच्या आशाताई कधीपासून कानीकपाळी ओरडत होत्या, बेंबीला काही लावू नका, कोरडी ठेवा. घरोघरी मग नाइलाजानं का होईना त्यांचं ऐकलं जाऊ लागलं. मला दादाचं कौतुक वाटलं आणि चीडही आली. माणूस दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा होता आणि खालून वाहणारी बदनामी सगळी त्याच्या नावाची होती.

चीड आली ती खरी फिल्मच्या वेळी. पावसाळ्याच्या तोंडावर रोपांची विक्री सुरू होते, तेव्हा क्रेटांवर रोपवाटिकेचं नाव रंगवावं लागतं. अक्षरं कापलेला जुना पत्रा गंजून गेला होता. मी गेले तर दादा चाकूनं ती सीटी स्कॅनची फिल्म कोरत बसलेला. 'ग' झाला होता, 'या' चालू होता.

"अरे, हा एकच पुरावा आहे तुझा!"

"अगं, कडक हाय, रंग झिरपत न्हाई. बघ की कसं बराबर येतंय." आणि शांतपणे त्यानं 'बा' ला हात घातला. मी चहा न घेता जालन्याची बस धरली.

माझ्या भावाला मी देवमाणूस वगैरे करत नाही. तो हट्टी होता. आपण सोसलं की झालं, असं त्याला वाटायचं, आणि बरोबरीनं वहिनी सोसते आहे, अश्विनी सोसते आहे, हे त्याच्या लक्षात यायचं नाही. अश्विनीला भोकरदनकडचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. पण चौकशी केली असणारच. मुलाचे वडील एकटेच वस्तीवर आले आणि म्हणाले, "राग मानू नका, पाव्हणं, पर ऐकलंय ते खरं का?" दादानं सांगितलं, कधीच घेतली नाही. त्या गृहस्थांनी त्याच्याकडं बघितलं, जालन्याच्या डॉक्टरांनी बघितलं होतं तसंच. अश्विनी आत दाराआड उभी होती. वहिनी सांगते, दादानं हातातला चाकू खाली ठेवला आणि म्हणाला, "घेत व्हतो. सोडली. आता वास बी सहन व्हत न्हाई." पाहुण्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "सोडणं सोपं नसतं. मर्दाचं काम हाय." सुपारी त्याच दिवशी फुटली.

खऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं, खोटं हातोहात खपलं! मला हे कळलं तेव्हा मी हसावं की डोकं आपटावं... आणि प्रकरण तिथं थांबतं तर दादा कसला. बातमी पसरली, मारोतीनं दारू सोडली. पट्टी दातांत धरून बोलायचा ती म्हणे नशेची बोबडी होती, आणि आता स्वच्छ बोलतो! मग गावात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला आणि सरपंचांनी दादाला मंचावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. मी मुद्दाम गेले होते. दादाला चार शब्द बोलायला लावले. त्यानं माईक हातात घेतला, मला गर्दीत शोधलं आणि म्हणाला, "जे घेत्यात त्यांनी सोडावी. न घेणाऱ्याला सोडायला काईच तरास न्हाई, म्या स्वता करून बघितलंय." टाळ्या पडल्या. त्याच्या डोळ्यांत पोरासारखी चमक होती. मी पण हसले, तेवढ्यापुरती.

बायकांत बसलेली आई मात्र मध्येच उठून गेली होती. मी शोधत गेले तर शाळेच्या फाटकाशी उभी. पोरं येत-जात होती, ती एकेकाला धरून पोटावरून हात फिरवत होती. "काय करतेस गं?" म्हटलं. "जेवली का न्हाई, बघतीय," म्हणाली. अलीकडं तिला हा नादच लागला होता. कुणाचंही पोर दिसलं की पोट. चांगल्या मिसरूड फुटलेल्या पोरांनासुद्धा सोडायची नाही. ती बिचारी लाजून हसायची. म्हातारपण, असं मी मनात म्हटलं.

दादाच्या तपासण्या चालू होत्या. दुर्बीण, नवे छल्ले, पुन्हा काही महिने बरे. जालन्याला आला की माझ्याकडं यायचा, घसा दुखत असायचा, मी त्याला गार दूध द्यायची. शेवटचा आला तेव्हा तपासणी न करताच आला होता. अश्विनीचे दिवस भरत आले होते. "तिचं होऊ दे, मंग बघू," म्हणाला. मी ओरडले. त्यानं माझ्या बाल्कनीतल्या कुंडीतल्या लिंबाची एक वाळकी काडी मोडली, खिशात घातली आणि म्हणाला, "तू मास्तरीण झाल्यापास्नं लई वरडती." जिना उतरताना पण हसत होता.

अश्विनीला मुलगा झाला तो दादाच्या तेराव्यानंतर. वस्तीवर बारसं केलं, पेढे नाहीत, गाणी नाहीत, शेजारच्या चारच बायका. त्यातल्या पार्वताकाकू, आईच्याच वयाच्या, बाळाचं बाळुतं सारून म्हणाल्या, "गयाबाई, पणतवाच्या बेंबीला राख लावली का न्हाई? आता लेक गेला, नवस बी फिटला." आणि जरा थांबून, दुःखात तेवढाच विरंगुळा म्हणून असेल, "मारोतीला कसं वाचवलं सांग की पोरींना."

आईनं पदर नीट केला. मग म्हणाली, "राख लावायची न्हाई." आणि उठून रोपवाटिकेकडं चालू लागली.

मी बाळाच्या आंघोळीचं पाणी घेऊन येत होते. हंडा तसाच खाली ठेवला. मला एकदम आठवलं, की आईच्या तोंडून ती गोष्ट मी कितीतरी वर्षांत ऐकलेली नाही. अश्विनीच्या मैत्रिणीच्या पाचवीला नाही, माझ्या जावेच्या बारशाला नाही. कधीपासून नाही? मागं मागं जात राहिले आणि संभाजीनगरच्या त्या बाकापाशी येऊन थांबले.

ती रोपवाटिकेच्या छपराखाली दादाच्या क्रेटवर बसली होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "तुम्ही गोळ्या आणाया खाली गेल्ता ना, तवा डागदर बाहीर आला. मला बी त्यानं इचारलं, आजी, लेकाची बेंबी पिकली व्हती का? म्या म्हनलं, व्हय साहेब, राख भरून भरून म्याच वाचवला त्याला. त्यो काईच बोलला न्हाई. माह्या पाठीवर नुसता हात ठेवला... तवाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"त्यो बोलला न्हाई म्हणून. त्याला वाटत व्हतं मला ठावं न्हाई. वाटू दिलं." मग म्हणाली, "बिरोबाला नवस म्हणं! नारळ न्हाई, भंडारा न्हाई, असा कुठं नवस असतोय व्हय? येडं कुठलं."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. खूप दिवसांनी बसले.

"लई जणींनी नेली गं राख माह्यापासून," ती म्हणाली. "त्यांची पोरं दिसली की बघायची म्या. डाव्या बरगडीखाली. डागदर त्याचं दाबून बघायचा तसं."

तो हात... मी विचारलं, "मग?"

"कुणाचं न्हाई लागलं तसं. एकाचं बी न्हाई. माह्याच लेकाचं तेवढं."

डॉक्टर खात्रीनं सांगता येत नाही म्हणाले होते, हे मी तिला सांगितलं. पुष्कळदा कारण सापडतच नाही, हेही. तिनं ऐकून घेतलं, दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकावी तसं. मला तिचा राग आहे का, हे मी स्वतःला या दिवसांत विचारलं आहे. नाही. कधीकधी हो. तिनं जे केलं ते जगवायला केलं, आणि तो जगलाही, पन्नाशी ओलांडेपर्यंत जगला. याच्यापुढं माझी बुद्धी चालत नाही, आणि मी पुन्हा उठून चालायला लागते.

छपराच्या मेढीला खिळ्यावर ती फिल्म टांगलेली होती, कडांना हिरव्या रंगाचे थर बसलेली. उन्हाकडं तोंड होतं म्हणून कोरलेल्या जागांतून उजेड येत होता. बाकीच्या काळ्या भागात त्याच्या पोटाची छोटी छोटी चित्रं अजून दिसत होती. आई बघत होती.

"ह्यो त्याच्या पोटाचा फोटू ना?"

"हो."

"अन् ही भोकं पाडून काय लिव्हलंय त्यात?"

"तुझं नाव, आई. गयाबाई."

ती उठली. 'ग' मध्ये बोट घालून बघितलं. मग पाठमोरीच म्हणाली, "सुमे, तू पेपरात लिव्हतीस ना कवामवा? मंग लिव्ह. माह्या लेकानं दारू पेली न्हाई म्हणून लिव्ह."

"मग कशानं गेला तेही लिहावं लागेल."

"लिव्ह की. माहं नाव घालून लिव्ह. त्यानं कोरून ठेवलंच हाय."

बाहेर क्रेट रिकामे पडले होते, सकाळीच कुणाचा तरी रोपांसाठी फोन येऊन गेला होता. आईनं खिळ्यावरची फिल्म काढली, एका क्रेटवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली आणि रंगाच्या डब्याकडं मानेनं खुणावलं. मी कुंचला फिरवला. तिनं फिल्म अलगद उचलली आणि विचारलं, "नीट आलं का?"

नीट आलं होतं.